तीनात एकदा खर्रर्र: सेल्फच्या आवाजाच्या नोंदी

3 डिसेंबर 2023, रविवार

आज सकाळी चावी फिरवली आणि पुन्हा तोच आवाज आला. खर्रर्र, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा, जेमतेम अर्धा सेकंद, आणि मग इंजिन सुरू. मागे बसलेली आई म्हणाली, "जात्यात खडा आल्यागत वाजतंय रे."

गाडी बाबांची. 2009 ची, तीन सिलिंडरची छोटी पेट्रोल गाडी, 1,12,000 किलोमीटर चाललेली. हा आवाज दिवाळीच्या आधीपासून आहे. एका गॅरेजमध्ये दाखवली तेव्हा ऐन वेळी आवाज आलाच नाही. तरी "सेल्फ गेलाय, अख्खा बदला" (सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी विजेची मोटर) असं सांगून साडेसहा हजारांचा आकडा दिला. दुसऱ्या ठिकाणी बॅटरी बदला म्हणाले. दोघांनीही बॉनेट उघडलं नव्हतं.

जानेवारीच्या मध्यात आईला गुडघ्याच्या तपासणीसाठी कोल्हापूरहून मिरजेला न्यायचं आहे. परतताना अंधार पडणार. वाटेत गाडी बंद पडून तिला रस्त्याकडेला उभं राहावं लागणं मला चालणार नाही. म्हणून आजपासून वही घातली आहे. मोजल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही.

5 डिसेंबर, मंगळवार

हिने चावी फिरवली, मी बॉनेट उघडून कान लावून उभा. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड केला. दहा वेळा सुरू-बंद केल्यावर चार वेळा खर्रर्र मिळाला.

आवाज ओळखणं हे या कामातलं निम्मं काम आहे, त्यामुळे माहीत असलेलं इथे उतरवून ठेवतो.

चावी फिरवताच भराभर कटकटकटकट: बॅटरी उतरली आहे, नाहीतर टर्मिनलला खार धरलाय. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचं विजेचं चुंबक, दांडा ओढतो, मोटरला करंट जातो, त्या ओढीने व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइडची पकड सुटते, व्होल्टेज परत वर येतं, सोलेनॉइड पुन्हा ओढतो. सेकंदात कितीतरी वेळा हेच.

एकदाच जोरात टक् आणि मग शांतता: सोलेनॉइडने काम केलं, पण आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेत, किंवा मोटरला आत करंट पोचवणारे कार्बन संपलेत, किंवा मोटर जाम आहे.

घुंईईई असा मोकळा फिरल्याचा आवाज, इंजिन जागचं हलत नाही: बेंडिक्समधला (बेंडिक्स म्हणजे सेल्फच्या टोकाचं, पुढे सरकून इंजिन फिरवणारं दातचाक) एकाच दिशेने पकडणारा क्लच घसरतोय.

इंजिन सुरू झाल्यावरही किंकाळीसारखा आवाज चालूच: बेंडिक्स मागे परतत नाही. अशा वेळी लगेच बंद करावी, कारण इंजिन सेल्फला त्याच्या वेगाच्या कितीतरी पट पळवतं.

सुरू झाल्यावर दोन-चार सेकंद किर्रर्र: अल्टरनेटरचा पट्टा सैल. थंडीत सुरू होताना सेकंदभर खडखड आणि मग सगळं शांत: तेल वर पोचायला उशीर होतोय. यातले शेवटचे दोन्ही आवाज इंजिन सुरू झाल्यावरचे, म्हणजे त्यांचा सेल्फशी संबंध नाही.

माझा आवाज इंजिन फिरण्याआधीचा. खर्रर्र म्हणजे बेंडिक्सचे दात फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या टोकाच्या जड चाकाच्या) कडेला असलेल्या दातेरी रिंगमध्ये न बसता तिच्या तोंडावर घासत आहेत. रेकॉर्डिंग चार-पाच वेळा ऐकलं. इंजिनाची धडधड खर्ररनंतरच येते.

म्हणजे प्रकरण बॅटरी, सोलेनॉइड, बेंडिक्स आणि रिंग या साखळीतलं आहे. स्वस्तापासून सुरुवात करायची.

6 डिसेंबर, बुधवार

बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत 12.5 व्होल्ट. पूर्ण भरलेली 12.6 च्या आसपास दाखवते आणि 12.2 म्हणजे अर्धी, त्यामुळे ठीक. सेल्फ मारताना 10.3 पर्यंत उतरते. 9.6 च्या खाली गेली असती तर काळजी होती. इंजिन चालू असताना 14.1, म्हणजे अल्टरनेटरही बरोबर.

बॅटरी निर्दोष. बदलली असती तर साडेतीन हजार गेले असते आणि खर्रर्र तिथेच राहिला असता.

9 डिसेंबर, शनिवार

वायरिंगची तपासणी. ही चाचणी फार कमी लोक करतात आणि तिला दहा मिनिटंही लागत नाहीत, म्हणून नीट लिहितो.

फ्युएल पंपाचा फ्यूज काढला, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन चालू राहणार नाही. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या वजा टर्मिनलच्या शिशावर, क्लॅम्पवर नव्हे. दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. हिला तीन सेकंद सेल्फ मारायला सांगितलं. अर्थिंग, म्हणजे इंजिनपासून बॅटरीच्या वजा टर्मिनलपर्यंतचा करंटचा परतीचा मार्ग, चांगलं असेल तर आकडा 0.2 च्या खाली हवा. आला 0.9.

जवळजवळ एक व्होल्ट अर्थिंगमध्येच जळतोय. अधिक बाजूला बॅटरीपासून सेल्फपर्यंत 0.25 आला, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

मीटर चुकतंय का म्हणून तीनदा मोजलं. 0.9, 0.88, 0.9.

10 डिसेंबर, रविवार

गिअरबॉक्सवरची अर्थिंगची पट्टी काढली. नट हिरवा पडलेला, पट्टीखाली तेलमातीचा थर, विणलेल्या तारांतल्या निम्म्या तुटलेल्या. नवीन पट्टी आणली, जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, घट्ट आवळली आणि वरून ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं: 0.12.

सेल्फ आता इतका तरतरीत फिरतो की आईलाही फरक कळला. सकाळी दोनदा सुरू केली, शांत. संध्याकाळी बाजारातून निघताना खर्रर्र.

म्हणजे अर्थिंगचा दोष खरा होता, पण या आवाजाचं कारण तो नव्हता. किंवा आता राहिला नाही. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ढिला करंट असला की सोलेनॉइड बेंडिक्सला जोराने ढकलत नाही आणि अर्धवट अडकलेले दात झिजतात. मूळ दुखणं दुरुस्त झालं तरी त्याने केलेली जखम राहू शकते.

17 डिसेंबर, रविवार

आठवडा शाळेच्या परीक्षांत गेला. आज सेल्फ उतरवला. आधी बॅटरीची वजा वायर सोडली. ही पायरी कुणीही गाळू नये: सेल्फची जाड वायर चावी बंद असतानाही जिवंत असते, तिला पाना लागून इंजिनला टेकला तर वेल्डिंग होतं. चाकांना विटा लावल्या. दोन बोल्ट, एक जाड वायर, एक बारीक पिन, आणि सेल्फ हातात.

बेंडिक्सच्या दातांची टोकं बोथट आणि किंचित फुटलेली. एका दिशेने मोकळं, उलट दिशेने घट्ट, म्हणजे आतला क्लच शाबूत. कार्बन निम्म्याहून जास्त शिल्लक. पुढच्या बुशमध्ये, म्हणजे शाफ्टला आधार देणाऱ्या कड्यात, शाफ्ट हलतोय.

सेल्फच्या भोकातून टॉर्चने रिंगही पाहिली. समोर दिसले ते सात-आठ दात चांगले होते. रिंग ठीक, असं लिहून मोकळा झालो.

बाबा सांगायचे, त्यांच्या तरुणपणी जीपला पुढून हँडल मारावं लागायचं आणि इंजिनने उलट झटका दिला की मनगट जायचं. चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅकवर आला तेव्हापासून त्या हँडलचे दिवस भरले. आपले मिस्त्री ज्याला बेंडिक्स म्हणतात ते नाव व्हिन्सेंट बेंडिक्सचं. त्याची मूळ रचना मोटरच्या झटक्यानेच दातचाक पुढे सरकवायची; आता ते काम सोलेनॉइडचा दांडा करतो, पण गॅरेजच्या बोलीत नाव टिकलं.

19 डिसेंबर, मंगळवार

काल सेल्फ घेऊन उद्यमनगरात गेलो. चाळीस वर्षं आर्मेचर आणि सेल्फ दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत, बाबाही त्यांच्याकडेच जायचे. त्यांनी शाफ्ट हलवून बघितला, दातांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बुश बदलूया, बेंडिक्स नवीन घालूया. पर सर, बेंडिक्स आपोआप फुटत न्हाई. समोर कायतरी असतंय, त्याच्यावर आपटून फुटतंय."

बेंडिक्सचे 480, बुशचे 60, मजुरी 300. आज बसवला.

21 डिसेंबर, गुरुवार

बसवल्यापासून सहा वेळा सुरू केली. सहाही वेळा शांत. आईला म्हटलं, झालं काम.

22 डिसेंबर, शुक्रवार

सातव्यांदा खर्रर्र.

मिस्त्रींचं "समोर कायतरी असतंय" दिवसभर डोक्यात. आजपासून दर वेळी सुरू करताना नोंद ठेवायची: वेळ, इंजिन गार की गरम, व्होल्टेज, आवाज आला की नाही.

30 डिसेंबर, शनिवार

नऊ दिवसांत 44 वेळा सुरू केली, 15 वेळा आवाज.

गार इंजिन 9 वेळा, आवाज 3 वेळा. गरम इंजिन 35 वेळा, आवाज 12 वेळा. पहाटे 16 अंश असो की दुपारी 30, काही फरक नाही. व्होल्टेजशी ताळमेळ नाही. उतारावर की सपाटीवर, तेही नाही. आवाज येण्याला काही क्रमही नाही. कधी सलग दोनदा, कधी पाच वेळा शांत.

पण सगळीकडे प्रमाण एकच. तीनात एकदा.

31 डिसेंबर, रविवार

रात्री वही पुढ्यात घेऊन बसलो होतो आणि "तीनात एकदा" वरून नजर हटेना. गाडीत तीन सिलिंडर आहेत.

चावी बंद केल्यावर इंजिन कुठेही थांबत नाही. शेवटच्या फेऱ्यात कुठल्या तरी सिलिंडरमध्ये हवा दाबली जात असते, पिस्टनला तो दाब ओलांडता येत नाही आणि इंजिन तिथेच अडून थांबतं. तीन सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनमध्ये दर 240 अंशांनी एक सिलिंडर दाबाच्या टप्प्यावर येतो. फ्लायव्हीलवर हे मांडलं तर 0, 240, आणि 480 म्हणजे पुन्हा 120. थोडक्यात, इंजिन थांबायच्या जागा तीनच, एकमेकींपासून 120 अंशांवर. चार सिलिंडरला दर 180 अंशांनी, म्हणजे समोरासमोर दोनच जागा.

आणि इंजिन जिथे थांबतं तिथलेच रिंगचे दात पुढच्या वेळी बेंडिक्ससमोर येतात. आयुष्यभर तेच तेच मोजके दात धक्का खातात, बाकीची रिंग जवळजवळ कोरी राहते.

म्हणजे तीनपैकी एका जागेचे दात गेले असले, तर आवाज तीनात एकदा येणार. थंडी-उन्हाचा संबंध असणार नाही. आणि नवीन बेंडिक्सनंतरचं सहा वेळचं मौन? तीनात दोन अशी शांत राहण्याची शक्यता सहा वेळा लागोपाठ गुणली तर शंभरात साधारण नऊ येते. तेवढ्यावर मी आईला "झालं काम" सांगितलं होतं. सतरा तारखेला भोकातून दिसले ते दात चांगले होते, कारण तेव्हा इंजिन चांगल्या जागी थांबलेलं होतं.

1 जानेवारी 2024, सोमवार

दोन चाचण्या.

पहिली: आवाज आला की लगेच चावी सोडायची, चौथा गिअर टाकून गाडी हाताने वीतभर ढकलायची, न्यूट्रल करून पुन्हा सेल्फ मारायचा. ढकलल्याने इंजिन थोडं फिरतं आणि बेंडिक्ससमोर दुसरे दात येतात. आज दोनदा संधी मिळाली. दोन्ही वेळा दुसऱ्या प्रयत्नाला अगदी शांत.

दुसरी: क्रँक पुलीवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या बाहेरच्या चाकावर, व्हाईटनरची एक ठळक रेघ मारली. चाकाच्या बाजूने टॉर्च मारला की ती दिसते. दर वेळी सुरू करण्याआधी रेघ घड्याळाच्या कुठल्या आकड्यावर आहे ते लिहायचं.

5 जानेवारी, शुक्रवार

23 नोंदी. रेघ दर वेळी तीनच जागांच्या आसपास सापडली: साधारण एकवर 8 वेळा, पाचवर 8 वेळा, नऊवर 7 वेळा. एकवर असताना एकदाही आवाज नाही. पाचवर एकदा, अगदी पुसट. नऊवर सातच्या सात वेळा खर्रर्र.

शेवटचे तीन दिवस तर चावी फिरवण्याआधीच हिला सांगत होतो, आता येणार, आता नाही येणार. एकदाही चुकलं नाही.

7 जानेवारी, रविवार

काल संध्याकाळी सेल्फ पुन्हा उतरवला. आज तिन्ही स्पार्क प्लग काढले म्हणजे दाब राहत नाही आणि इंजिन पान्याने हलकं फिरतं. मी पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिनच्या नेहमीच्या दिशेने हळूहळू फिरवत होतो, पुतण्या भोकातून टॉर्च धरून दात मोजत होता. पूर्ण एक फेरा.

रेघ एकवर: दात चकचकीत, कडा थोड्या गोल. पाचवर: कडा जास्त गोल, एका दाताचं टोक उडालेलं. नऊवर: सलग पाच दात, त्यांची बेंडिक्सकडची कड जवळजवळ एक तृतीयांश रुंदीपर्यंत खाल्लेली, मधला दात तर कोयत्याने तासल्यासारखा. बाकी सगळी रिंग नव्यासारखी.

पुतण्याने फोटो काढून दाखवला तेव्हा मी बराच वेळ बघत राहिलो. सव्वा महिना ज्याच्या मागे होतो ते पाच दात.

तीनपैकी हीच जागा इतकी का खराब झाली? माझा अंदाज असा. जुलैमध्ये मिरजेत हेडलाईट चालू राहिले होते. बॅटरी उतरलेली, धो धो पाऊस, आई रिक्षाच्या आडोशाला उभी, आणि मी पंधरा मिनिटं चावी फिरवत राहिलो. कटकटकटकट. अर्थिंगची पट्टी तेव्हाही निम्मी तुटलेली असणार. इंजिन तर हललंच नाही, म्हणजे तो प्रत्येक कट् त्याच पाच दातांवर पडला. शेवटी कुणीतरी धक्का दिला तेव्हा गाडी सुरू झाली. आवाज त्यानंतर काही महिन्यांत सुरू झाला. एकदा कड गेली की बेंडिक्स तिथे दर वेळी अडखळतं आणि ती आणखी खातं. कटकट ऐकू आली की चावी सोडायची आणि बॅटरीला जंप द्यायचा, एवढं तेव्हा केलं असतं तर हे दात वाचले असते.

9 जानेवारी, मंगळवार

फोटो घेऊन मिस्त्रींकडे. "हां. ह्ये बघा, समोर हुतंच." मग तीन पर्याय मांडले.

रिंग काढून उलटी बसवायची. दातांची दुसरी बाजू कोरी असते. पण बेंडिक्स ज्या बाजूने शिरतं तिथे दातांना उतार दिलेला असतो, तो नव्या बाजूला घासून करावा लागतो.

रिंग 60 अंश फिरवून बसवायची, म्हणजे इंजिन थांबायच्या तिन्ही जागी कोरे दात येतात. तीन सिलिंडरला 60, चार सिलिंडरला 90. नुसत्या कडा झिजल्या असतील तर हे उत्तम. पण माझा एक दात मुळापासून कमकुवत झालाय आणि सेल्फ फिरताना तो बेंडिक्सखालून जाणारच.

तिसरा, नवीन रिंग. 750 रुपये.

रिंग कुठलीही बसवा, गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि खरा खर्च तिथे आहे. मग साडेसातशे वाचवण्यात अर्थ नाही. क्लचप्लेटही बाबांच्या काळातली आहे, ती आणि बेअरिंग याच फेरीत बदलायचं ठरवलं.

13 जानेवारी, शनिवार

गिअरबॉक्स खाली. फ्लायव्हील उतरवून उद्यमनगरात नेलं. जुनी रिंग छिन्नीने चिरून काढली. पाच दातांचा तुकडा मी मागून घेतला.

नवी रिंग चढवणं बघण्यासारखं होतं. फ्लायव्हील गार, रिंग विटांवर ठेवून गॅसच्या ज्योतीने सगळीकडून सारखी तापवलेली. फिकट पिवळी छटा आली की थांबायचं. "निळी पडली की दाताचं पाणी उतरलं, मग ती रिंग भंगारात," मिस्त्री म्हणाले. तापून फुगलेली रिंग चिमट्यांनी उचलून फ्लायव्हीलवर ठेवली, उताराची बाजू बेंडिक्सकडे आहे ना हे दोघांनी दोनदा पाहिलं, हातोडीच्या लाकडी दांड्याने चार ठिकाणी ठोकली. मिनिटाभरात गार होत तिने फ्लायव्हील आवळून धरलं. पाणी ओतायचं नाही, आपोआप गार होऊ द्यायचं.

15 जानेवारी, सोमवार, संक्रांत

काल संध्याकाळी जोडणी पूर्ण झाली. आज सकाळी आईने तिळगूळ माझ्या हातावर ठेवला, एक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला. सुरू करण्याआधी पुली फिरवून रेघ मुद्दाम नऊवर आणली.

शांत.

मग एकवर, मग पाचवर, पुन्हा नऊवर.

18 जानेवारी, गुरुवार

मिरजेची फेरी. दिवसभरात पाच वेळा सुरू-बंद. दवाखान्याबाहेर, जुलैमध्ये अडकलो होतो त्याच जागी, संध्याकाळी साडेसहाला चावी फिरवली. आई बसताना म्हणाली, "खडा निघाला जात्यातला." तिच्या गुडघ्याची सूज उतरली आहे, डॉक्टरांनी काठी सोडायला सांगितलं.

26 जानेवारी, शुक्रवार

15 तारखेपासून 61 वेळा सुरू केली, खर्रर्र एकदाही नाही. अर्थिंगचा आकडा आज पुन्हा मोजला, 0.12.

एकूण खर्च: अर्थिंगची पट्टी 150, बेंडिक्स-बुश मजुरीसह 840, रिंग 750, क्लचचा सेट 1,900, गिअरबॉक्सची मजुरी 2,800.

गेले दोन दिवस गार सकाळी इंजिन सुरू झाल्यावर दोन सेकंद किर्रर्र येतंय. अल्टरनेटरचा पट्टा, मधोमध दाबला तर बोटभर आत जातो. रविवारी आवळायचा.